ऱ्हाइनच्या बांधावरून भाचीची मॅच

हाडांचा डॉक्टर माणसाची चाल आधी पाहतो, चेहरा नंतर. स्खिपोल विमानतळाच्या दारातून बाहेर आलो तेव्हा समोर सगळेच मास्क लावलेले. त्यांतून एक उंच मुलगी माझ्या दिशेनं येऊ लागली आणि मी तिचा डावा पाय पाहत राहिलो. टाच नीट टेकत होती, गुडघा पूर्ण सरळ होत होता. जवळ येऊन तिनं मास्क खाली ओढला. "मामा, फेस इकडे आहे," ती म्हणाली.

ही रेवा, माझ्या ताईची मुलगी. जन्म, शाळा, कॉलेज सगळं अमेरिकेतल्या ओहायोत. फुटबॉल, म्हणजे तिकडचं सॉकर, हा तिचा छंद नव्हे, पोटापाण्याचा धंदा. ती फॉरवर्ड खेळते. गोल करणं हे तिचं काम, आणि झाला नाही तर बोलणीही तिनंच खायची. कॉलेजातून ती थेट व्यावसायिक संघात गेली. दुसऱ्या हंगामात डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, आणि मग करोना आला. आता ती नेदरलँड्समधल्या एका छोट्या क्लबकडून खेळत होती. तिथल्याच एका मोठ्या क्लबनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं.

पुण्यात मी सांगितलं होतं की त्याच देशातल्या मास्ट्रिख्टला आमची परिषद आहे. परिषद खरीच होती, पण ऐनवेळी ती ऑनलाइन झाली. तरी मी निघालो, कारण आदल्या आठवड्यात रेवाच्या बाबांचा, म्हणजे भावोजींचा फोन आला होता. जातोच आहेस तर गुडघा बघ आणि तिला सांग, आता पुरे म्हणून. तू सांगितलंस की ऐकते ती. हे वाक्य ते मला दुसऱ्यांदा सांगत होते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काय झालं ते पुढे लिहितो. लगेच लिहवत नाही.

स्खिपोलहून रेल्वेनं पूर्वेकडे निघालो. डब्यात निम्मी बाकं रिकामी. बाहेर सपाट हिरवं रान, त्यात दोरी धरून आखावेत तसे सरळ कालवे आणि थंडीत अंग चोरून उभ्या मेंढ्या. डोंगर म्हणून नजर ज्याला शोधते ते काहीच नाही, त्यामुळे आभाळ फार खाली आल्यासारखं वाटतं. पुढे बस, आणि बस थांबली ती वाखनिंगनला. शेतकी विद्यापीठाचं हे गाव. रेवा एका जुन्या घराच्या माळ्यावर भाड्यानं राहते. तिथला जिना इतका उभा, की मी दोन्ही हातांनी कठडा धरून चढलो. माझी बॅग ती एका हातात घेऊन पुढे गेली.

ताईनं सांगितल्याप्रमाणे पुण्याहून मेतकूट आणि गोडा मसाला नेला होता. रेवा पुडी उघडून बराच वेळ वास घेत उभी राहिली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र अर्धं इंग्रजीत येतं. मॅचच्या आदल्या दिवशी ती वरणभात खाते आणि संघातल्या दोन डच मुलींनाही तिनं त्याची सवय लावली आहे. त्याला त्या 'रेवाचं पिवळं सूप' म्हणतात. स्वतः त्या सकाळी ब्रेडला लोणी लावून त्यावर हाखलस्लाख (चॉकलेटचे बारीक दाणे) टाकून खातात, याचं तिला अजून हसू येतं. खाता खाता तिनं फोनवर गेल्या महिन्यातला आपला गोल दाखवला. एक दाखवून फोन ठेवून दिला. लहानपणी ही मुलगी साधा झोकाही दहा वेळा घेऊन दाखवायची.

शुक्रवारी सराव नव्हता. तिनं शेजारणीची सायकल मागून आणली आणि आम्ही ऱ्हाइन नदीच्या डाइकवर (पुराचं पाणी अडवणारा उंच मातीचा बांध) निघालो. मी पुण्याचा, शाळाभर सायकल मारलेली, त्यामुळे मोठ्या रुबाबात होतो. उतारावर सवयीनं पायडल उलटे फिरवले. तिथल्या सायकलींचा ब्रेक पायडलमध्येच असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सायकल जागच्या जागी थांबली. मी नाही थांबलो. थेट गवतात गेलो, आणि एका मेंढीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

रेवा हसत हसत खाली आली. माझी पँट वर सारून तिनं गुडघा दाबून पाहिला, पाय वाकवला, सरळ केला. हात अगदी सराईत होते. फिजिओच्या टेबलावर इतके महिने काढले की हे सगळं पाठ होतं, म्हणाली. मग माझ्याशेजारी गवतात बसून तिनं आपला डावा पाय माझ्यापुढे केला. "आता माझा बघ. त्यासाठीच आलायस ना?"

मी मांडी एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. सैल गुडघा हाताला लगेच कळतो. हा घट्ट होता, ओढ मध्येच ठामपणे अडत होती. मांडीचा घेर उजवीइतकाच. असा सावरलेला गुडघा मी माझ्या पेशंटांत फारसा पाहिलेला नाही. तेवढं बोलून पाय खाली ठेवला असता तर चाललं असतं. पण माझा हात तिच्या गुडघ्यावरच राहिला, आणि मी बोलायला लागलो.

आपल्याकडे प्रत्येक घरात एक डॉक्टर असतो, आणि सगळ्या नातेवाइकांचे रिपोर्ट फोनवर त्याच्याकडे येतात. आमच्या घरात तो मी. रेवाच्या ऑपरेशननंतर तिच्या एमआरआयची चित्रं अशीच माझ्याकडे आली. तिला तिच्या जुन्या संघानं परत बोलावलं होतं. तिकडचे डॉक्टर हो म्हणत होते, तरी तिनं विचारलं, मामा, तू काय म्हणतोस? त्याच्या आदल्या दिवशी भावोजींनी मला पहिल्यांदा ते वाक्य ऐकवलं होतं, आता पुरे म्हणून सांग, तुझं ऐकते ती. मी दोन चित्रं वरवर पाहिली, बाकीची उघडलीही नाहीत, आणि कळवलं, पुन्हा फाटेल, आता थांब. घरातल्या मोठ्यांच्या मनात जे असतं तेच डॉक्टरनं शास्त्राच्या भाषेत सांगायचं, ही आपल्याकडची रीत. त्या रीतीला बरं दिसेल असं नावही आहे, काळजी. मुलीनं शब्द मानला. वर्षभर ओहायोच्या घरात बसून राहिली. मग एक दिवस उठून तिनं स्वतःच युरोपातल्या क्लबांना लिहायला सुरुवात केली.

हे सगळं मी तिला त्या बांधाच्या उतारावर सांगितलं. ती नदीकडे पाहत होती. नदीतून एक लांबलचक मालवाहू बोट चालली होती, ती तिनं पूर्ण जाऊ दिली.

"यू डिडन्ट इव्हन ओपन इट," ती म्हणाली. मग मराठीत, "सव्वीस वर्षांची होते मी, मामा. फॉरवर्डला अशी वर्षं किती असतात?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "ते नको. बाबांना सांग. पुण्याला जाऊन नाही, इथून."

मी हो म्हणालो आणि केलं नाही. शनिवार गेला. दोनदा फोन हातात घेतला, ओहायोत अजून पहाट असेल म्हणून ठेवला. तिकडे दुपार झाली तेव्हा ते जेवत असतील म्हणून ठेवला. चोपन्नाव्या वर्षी मी मोठ्या मेहुण्याला घाबरत होतो. रेवानं वरणभात केला, मला वाढला.

रविवारी दुपारी मॅच. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी, फाटकाला कुलूप. पण मैदान नदीकाठच्या गावात, बांधाला लागून. त्यामुळे सारं गाव बांधावर उभं. कुणी सायकलच्या कॅरियरवर चढलेलं, कुणी घरातली घडीची शिडी आणलेली. माझ्याशेजारी हेंक नावाचे म्हातारे गृहस्थ होते. तिकीट नाही, वारा फुकट, असं म्हणून त्यांनी थर्मासच्या झाकणातून एर्टेसूप (वाटाण्याचं दाट सूप) दिलं. मी त्या अमेरिकन मुलीचा बाप का, म्हणून विचारलं. मामा, आईचा भाऊ, असं सांगितल्यावर, मग तुम्हाला इतकं पांढरं पडायचं काय कारण, असा प्रश्न त्यांनी केला. तिकडची माणसं असं तोंडावर विचारतात.

रेवा सतत धावत होती. चेंडू जवळ नसतानाही धावत होती. समोरच्या बचाव करणाऱ्या मुलींना क्षणभर उसंत द्यायची नाही, हेही फॉरवर्डचंच काम. उत्तरार्धात संघ एका गोलनं मागे होता. एक लांब पास आला, ती दोघींच्या मधून सुटली, आणि तिसरी बाजूनं घसरत येऊन तिच्या डाव्या पायावर आदळली. रेवा पडली आणि गुडघा धरून तशीच पडून राहिली.

बांधावरची माणसं पुढे सरकली. फिजिओ धावत आत गेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. भावोजी ओहायोत सकाळच्या चहाबरोबर संगणकावर मॅच बघत होते.

"बघितलंस? आता तरी सांग तिला."

ती उठेल की नाही मला माहीत नव्हतं. म्हणूनच तेव्हाच बोलायला हवं होतं. ती उठल्यावर बोलणं सोपं झालं असतं.

"भावोजी, परवा मी तिचा गुडघा पाहिला. या वेळी खरंच पाहिला. खेळण्याजोगा आहे. मागच्या वेळी मी न बघता बोललो, तुम्हाला हवं होतं म्हणून. तिचं एक वर्ष मी घालवलं. तिला सगळं सांगितलंय."

"आणि आत्ता समोर काय पडलंय? जबाबदारी कोणाची?"

"लागलं असेल तर मी उपचार सांगेन. पण थांब म्हणून मी सांगणार नाही. सोमवारी ती ठरवेल."

त्यांनी फोन ठेवला. खाली रेवा आधी बसली, मग उभी राहिली. पाय दोन-तीनदा झटकला आणि पंचांना हात करून परत आत धावली. हेंकनी माझ्या हातातलं सांडलेलं झाकण काढून घेतलं आणि काही न विचारता पुन्हा भरून दिलं.

मॅच त्या हरल्या. मार गुडघ्याला नव्हे, नडगीला बसला होता; घरी आल्यावर तिथं बर्फ धरून ती बसली होती, तेव्हा मी फोनचं सांगितलं. तिनं मान हलवली. बाबांनी तिलाही फोन केला होता. मी अजून रागावलेली आहे, म्हणाली, आणि बराच काळ राहीन. मी म्हणालो, राहा. सोमवारी सकाळी तिनं मोठ्या क्लबला होकार कळवला आणि मला स्टेशनावर सोडायला आली. गाडी येईपर्यंत आम्ही हवेबद्दल बोललो.

पुण्यात येऊन दोन महिने झाले. ताईचा फोन येतो, भावोजींचा येत नाही. रेवा क्वचित एखादी ओळ लिहिते, तीही कामापुरती. तिचं वर्ष मी परत देऊ शकत नाही, आणि पुढच्या हंगामात तो गुडघा टिकेलच अशी हमी कुठलाही डॉक्टर देणार नाही. ओळखीचे लोक विचारतात, हॉलंडला जाऊन काय पाहिलं? ट्यूलिपचा हंगाम नव्हता, पवनचक्की दिसली ती गाडीतून. मी सांगतो, भाचीची मॅच पाहिली. कोण जिंकलं म्हणतात. तिचा संघ हरला, मी म्हणतो. मग एवढ्या लांब जाऊन हरलेली मॅच, असं म्हणून ते हसतात. मीही हसतो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ती मैदानावर होती, चेंडूच्या मागे.