हौसानं सांगितलेली जागा

भुताखेताचं मी कधी मानलं नाही. उभी हयात मेंढरांमागं रानात झोपलो, कधी काही दिसलं नाही. शाळा चौथीपर्यंत. वहीत लिहिलं ते नातीनं टाईप करून दिलंय.

त्या रविवारी आम्ही दोघांनी शेळीची खुरं कापली. मी शेळी धरलेली, बायको हौसा कापत होती.

"आवं, धरा की नीट. तिचा पाय हाय, तुमचा न्हवं."

"माझा असता तर कवाच तोडला असतास."

हसली. सोमवारी सकाळी चुलीपुढं कलंडली. कवठे महांकाळहून मिरजेला दवाखान्यात नेली, तोवर उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. नुसती बघायची. गुरुवारी पहाटे गेली.

नात अंकिता बेंगलोरला फादर लोकांच्या विद्यापीठात शिकते. सिव्हिल इंजिनियरिंग, पहिलं वर्ष. तिथं गणिताबरोबर कविता, तत्त्वज्ञान, माणसांचा इतिहास, असलंही शिकावं लागतं. मला ते पटत नव्हतं.

"पूल बांधायला कविता कशाला?" मी म्हणायचो.

"मेंढरं राखायला ओव्या कशाला म्हणत हुतासा मग?" हौसा म्हणायची.

पोरीची परीक्षा होती, म्हणून आजी आजारी असल्याचं तिला कळवलं नाही. गुरुवारीच बोलावली.

आता मधली एक गोष्ट सांगतो... ती आजवर कुणाला सांगितली नव्हती. आमची पहिली लेक नऊ दिवसांची होऊन गेली. तेव्हा कळप उंब्रजला बसला होता. आमच्या म्हाताऱ्यांनी बजावलं – जागा आईला सांगायची नाही, ती तिथनं हलत नाही, आणि मेंढरं तर पुढं न्यावीच लागतात. मी एकटाच जाऊन पुरून आलो. पुढं दर साली उंब्रज आलं की हौसा विचारायची, "कुटं हाय वो माझी?" मी नदीपल्याड बोट करायचो. खोटं. म्हातारे मेले, मेंढरं विकली, तरी सांगितलं नाही. का? सवय झाली होती. दुसरं काही नाही.

तेरावा झाल्यावर अंकिता जवळ बसली.

"आबा, फादरनी एक लिहायला दिलं हुतं. रस्ता न्हाईतर पूल बांधायच्या आधी त्या जागेत कुणाचं काय हुतं, ते घरातल्या मोठ्या माणसाला इचारून लिहायचं. मी आज्जीला इचारलं. वाचू?"

तिनं वाचलं. उंब्रज. तारळी नदीच्या अलीकडच्या काठाला, दोन विलायती चिंचांच्या मधी. डोकं उगवतीला. बाळ आजोबांच्या अर्ध्या पटक्यात गुंडाळलेलं, वर तीन धोंडे.

आजोबा म्हणजे मीच. पटका काट्यात फाटला, असं मी हौसाला सांगितलं होतं.

"कवा बोलली तुझ्याशी?"

"बुधवारी, सांजच्याला सात वाजता. लय येळ बोलली."

"बुधवारी तिला वाचा न्हवती पोरी. मी उशाला हुतो."

तिनं आपला फोन दाखवला. आज्जीचा नंबर, बुधवार, सात वाजून पाच मिनिटं. हौसाचा बटनाचा फोन तेव्हा घरात कोनाड्यात होता. घरात आम्ही दोघंच राहायचो, घराला कुलूप, किल्ली माझ्या बंडीत.

"दुसरंच कोण असंल," मी म्हणालो.

"आबा, मला आज्जीचा आवाज कळत न्हाई व्हय?" ती रडायला लागली. "मी म्हणलं, आबांना इचारून घेऊ का? तर म्हणाली, नगं. त्यांला सांगायला जड जातंय."

कुणी म्हणतं पोरीला भास झाला. मग जागा कुठनं आली? मी सोडून कुणाला ठाऊकच नव्हती. आजही मला उलगडा नाही, तुम्हाला असेल तर कळवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं निघालो, मिरजेला बदलून, कराडवरून उंब्रज. चिंचा राहिल्या नव्हत्या. ऊस होता, आणि बांधावर एक माणूस पाणी पाजत होता.

"कोण पायजे, बाबा?"

"कुणी न्हाई. हितं जरा बसतो."

"बसा की."

चपला काढल्या. बसलो. तिला कळलं होतं ते मला ठाऊक होतं, तरी मोठ्यानं म्हणालो, "हौसा, हितं हाय गं."