गिअरचे पाच दिवे

"मामा, गिअर काय बघून टाकतात? कान हाय ना तुमाला?" बिरवाडीतला मेकॅनिक मला म्हणाला. मी त्याला फक्त मोटारसायकलचं डाव्या बाजूचं कव्हर सैल करून मागितलं होतं, कारण त्याचा एक बोल्ट माझ्याने हलत नव्हता. कशासाठी विचारलं म्हणून सांगितलं, गिअर दाखवणारे दिवे बसवायचेत. त्यावर त्याने ही अक्कल शिकवली. इंजिन कण्हायला लागलं की गिअर खाली, किंचाळायला लागलं की वर, हे मला माहीत नसल्यासारखं. त्याचा जन्म व्हायच्या आधीपासून मी गाडी चालवतोय. पण मी एवढंच म्हटलं, "हौस." खरं कारण त्यालाच काय, कोणालाच सांगितलं नव्हतं. मला गाडीचा आवाज येईनासा झाला होता.

मी कारखान्यात इलेक्ट्रिशियन. नोकरीतली वीस-बावीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत गेली. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. दोरीला अडकवलेले असायचे ते, आणि आम्ही सगळे ती दोरी माळेसारखी गळ्यात घालायचो. साहेब फेरीवर आला की कानात, गेला की गळ्यात. बोळे घातले तर मशीन ऐकू येणार कसं? आमच्यात ज्याचा कान तिखट त्याला मान. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग जायला आलं असेल तर आतून वाळू रगडल्यासारखा आवाज येतो. तो मला इतरांच्या आधी आठ-पंधरा दिवस ऐकू यायचा. दुसऱ्या खात्यातूनसुद्धा बोलावणं यायचं. अजूनही येतं. मी अजूनही स्क्रू ड्रायव्हर कानाला लावतो, डोळे मिटतो, आणि दुसरा हात हळूच मोटारीवर ठेवून थरथरीवरून काय ते ठरवतो. आजवर दोनदाच चुकलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

समोर माणूस असेल तर निभतं. ओठांवरून कळतं, नाही कळलं तर हसायचं. फोनला ओठ नसतात, तिथे माझं अडायचं. बायको लेकीच्या बाळंतपणाला डोंबिवलीला गेली ती तिथेच राहिली, कारण लेकीला कामावर परत जायचं होतं. ती रोज संध्याकाळी फोन करायची. सुरुवातीला थोडंफार कळायचं, पुढे नुसती किरकिर. व्हिडिओ कॉल केला तर कारखान्याजवळच्या आमच्या भाड्याच्या खोलीत रेंज नाही, आणि असली तेव्हा पडद्यावर नातवाची टाळू. मग मी अंदाजाने दोन शब्द टाकायचो आणि ठेवून द्यायचो. रोजचा फोन दोन दिवसांनी यायला लागला, मग रविवारचा रविवारी. मला त्याचं वाईट वाटायचं आणि सुटल्यासारखंही वाटायचं. दोन्ही एकदम वाटतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

डॉक्टरांकडे जाऊन कानाचं मशीन बसवायचं सोडून मी गाडीला मशीन बसवायला निघालो, याला कारण एक उतार. आमचं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. सुट्टीच्या दिवशी मी घर उघडून, झाडून परत येतो. आमच्याकडे उतार लागला की प्रत्येक जण गाडी न्यूट्रल करतो. पेट्रोल वाचतं म्हणे. वळणाच्या आधी गिअर टाकायचा, आवाजावरून गिअर लागल्याचं समजतं आणि मग क्लच सोडायचा. त्या दिवशी मी तीनदा पाय दाबला आणि तिसरा लागला असं समजून क्लच सोडला. दोन वेळा लागलाच नव्हता. गाडी पहिल्यात होती. मागचं चाक धरलं गेलं, खडीवर घसरलं, आणि मी रस्त्याकडेच्या चरात. गुडघा सोलवटला, आरसा फुटला. वर-खाली कोणी नव्हतं. चरात बसूनच मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, "मी बहिरा झालो." तेही मला नीट ऐकू आलं नाही.

गाडी सोडली तर गाव सुटतं. आमच्या वाडीला एस.टी. दिवसातून एकदा, तीही मनात आलं तर. म्हणून मी गिअर डोळ्यांना दिसेल अशी सोय करायला घेतली.

तत्त्व साधं आहे. गिअर बदलला की इंजिनाच्या आत एक दांडा थोडा फिरतो. त्याच्या टोकाला स्प्रिंगचं एक बोंड असतं आणि न्यूट्रलच्या जागी ते वरच्या झाकणातल्या एका पत्र्याला टेकलं की मीटरवरचा हिरवा दिवा लागतो. माझा दिवा कधीच मेला होता. मी ठरवलं, टेकायच्या जागा एकाऐवजी पाच करायच्या. कारखान्याच्या भंगारात पॅनलच्या हायलम शीटचा तुकडा होता. ती वीज वाहू देत नाही आणि करवतीने बिस्किटासारखी कापली जाते. जुन्या झाकणाच्या मापाची चकती कापली. पण पाच जागा नेमक्या कुठे? बोंड आत, झाकण वर, दिसणार काय? फळीवर बायकोची कुंकवाची डबी राहिली होती. चिमूटभर कुंकू तेलात कालवून बोंडाला लावलं, चकती दाबून बसवली, काढली, पुढचा गिअर, पुन्हा दाबली. चकतीवर पाच लाल ठिपके उमटले, कमानीत. मी स्वतःवर इतका खूश झालो की चहा केला, आणि सवयीने दोन कप केला.

ठिपक्यांवर भोकं पाडून पितळेचे स्क्रू बसवले, प्रत्येकाला एक वायर. पहिल्या फेरीला स्क्रूच्या कडेने तेल गळून डावा बूट भिजला. दोन नळ्यांचा घट्ट होणारा गोंद मिसळून भोकं बुजवली. मग तिसऱ्या आणि चौथ्या गिअरचे दिवे एकदम लागायला लागले, कारण स्क्रूची डोकी मोठी होती. ती कानशीने घासली. औषधाच्या गोळ्यांच्या डबीत एक हिरवा आणि चार लाल दिवे बसवून डबी मीटरजवळ आवळली. उन्हात दिसेनात, म्हणून जुन्या चपलेच्या रबराची झापड केली. पहिली पाळी संपली की दुपारी खोलीसमोर बसायचं आणि हेच करायचं, असे तीन आठवडे गेले. शेजारच्या खोल्यांतले कामगार येता-जाता बघायचे, काहीतरी बोलायचे. मी हसायचो.

एका दुपारी गाडी स्टँडवर लावली, चाक फिरवत पायाने गिअर टाकत गेलो. हिरवा. एक. दोन. तीन. चार. न अडखळता, एकामागून एक. मी चार-पाच वेळा वर-खाली केलं. मग फोन काढला, तिचा नंबर लावला आणि घंटी जायच्या आत बंद केला. ती काय म्हणाली असती ते मला ऐकू आलं नसतं. इतकं चांगलं काम हातून झालं आणि सांगायला माणूस नाही, याचं मला रडू आलं. लपवायला कोणी नव्हतंच, म्हणून रडून घेतलं.

शिमग्याला ती आली. ट्रेनची वेळ लेकीने मेसेज करून कळवली होती. वीर स्टेशनवर मी आधीच जाऊन उभा. ती बारीक झाली होती. पिशवी मध्ये घेऊन मागे बसली आणि आम्ही निघालो. महाड गेलं, बिरवाडीचा फाटा गेला. माझी नजर एकदा रस्त्यावर, एकदा दिव्यांवर. एकही गिअर चुकला नाही. पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा तिने माझ्यासमोर येऊन डबीकडे बोट केलं.

"ह्ये दिवे कसले?"

मी सगळं सांगितलं, कुंकवासकट. ती हसली. तिला हसताना बघून मला चेव आला, आणि मी हात दाखवून अवलक्षण केलं. म्हटलं, "आता इंजिन ऐकायलाच नको. आवाज आला काय, नाय आला काय, येकच."

तिचा कप ओठाशी थांबला. "म्हंजे? तुमाला ऐकाय येत नाय?"

मी चहात बघितलं. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, भर टपरीवर.

"वीरपास्नं बोलतेय मी. येक शब्द नाय ऐकलात?"

"नाय."

"आनि फोनवर?"

"फोनवर तर कायच नाय गो."

मला वाटलं आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली. माझ्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. "मला वाटलं, मी नकोशी झाले. दिवाळीनंतर तीनदा इचारलं तुमाला. पोरगी बाळाला पाळणाघरात घालायला तयार होती. मी म्हटलं, येऊ का परत? तीनी येळा तुमी म्हनालात, नको, माझं बरं चाललंय."

मला एकही वेळ आठवेना. पीठ पाठवू का, गोळ्या घेतल्यात का, असलं काही विचारतेय असं समजून मी बोललो असणार.

"मग आता ये," मी म्हटलं.

"आता कशी येऊ? पोर शाळेत जाईस्तवर र्‍हाते म्हनून शबूद दिलाय तिला. त्या भरवशावर तिनं मोठी नोकरी धरली."

नातू अजून रांगत होता. मी मनात वर्षं मोजली आणि चहावाल्याला कप परत दिला.

वरच्या रस्त्याला लागल्यावर तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं. शर्टातून तिचा श्वास लागत होता, थांबून थांबून. ती काहीतरी सांगत होती, किंवा रडत होती. गाडी बाजूला घेऊन, मागे वळून तिचं तोंड बघितलं असतं तर कळलं असतं. पण ते कळायचीच मला भीती वाटली. गाव येईपर्यंत मी गाडी थांबवली नाही.