मावशी, तिसऱ्या आणि आमचे उंदीर

टोपलीतली एकेक तिसरी, म्हणजे खाडीतला शिंपला, उचलून मावशी तिच्यावर नखाने टिचकी मारायच्या. शिंपला मिटला की म्हणायच्या, "जीव हाय हिच्यान." न मिटणारी बाजूला टाकायच्या. मेलेला माल आमच्या प्रयोगशाळेला चालत नसे. माझी पीएच.डी. नुकती सुरू झाली होती, जिवंत-मेलेलं ओळखायला त्यांनीच शिकवलं.

करावे गावातल्या त्या. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील, ओहोटीला खाडीत उतरणाऱ्या. अकराच्या सुमारास आमच्या कॉलेजच्या जिन्यावर हजर. आम्ही त्या तिसऱ्यांचा अर्क काढून लठ्ठ केलेल्या उंदरांना पाजत होतो. पिंजऱ्याशी उभ्या राहून त्या हसायच्या. "बाय, लोका बारीक व्हावाला रस्त्यावर धावतान, नि तुमी उंदरांना जाडे करताव?"

मावशींना स्वतःला साखर होती, गोळ्या चालू होत्या. एकदा मी फुशारकीनेच सांगितलं, "तुमच्या तिसऱ्यांनी उंदरांची साखर उतरवली, मावशी." पुढच्या आठवड्यात त्या खुशीत आल्या. "मी गोल्या सोरल्या. रोज तिसऱ्यांचा सार पितंय."

खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं. घरचे माझ्या कामाची टिंगल करायचे आणि इथे कुणीतरी त्यावर जीव टाकत होतं. अर्क वेगळा, सार वेगळं, उंदीर म्हणजे माणूस नव्हे, एवढं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी म्हटलं, "जपून हं, मावशी," आणि उंदरांची वजनं घ्यायला वळले. लाज वाटते आता.

शिंपला पायाला लागल्याचं निमित्त झालं. जखम चिघळली. आधी बोटं गेली, मग गुडघ्यापासून पाय काढावा लागला. भेटायला गेले तर मावशी शेजारणींना कौतुकाने सांगत होत्या, "हीच ती. साखरेचा औषध काढतंय." मी मान खाली घालून चहा प्याले आणि निघाले. दोन महिन्यांत मावशी गेल्या.

बाराव्याला त्यांच्या सुनेने मला आतल्या खोलीत नेलं. तिलाही साखर निघाली होती.

"आई बोलायच्या, तुमच्याकडं औषध हाय. मना बी द्याल?"

"नाही गं. असलं काही औषध नाही माझ्याकडे. सारावर तर मुळीच राहू नकोस. डॉक्टरांच्या गोळ्या चुकवू नकोस, काही झालं तरी."

ती हळूच म्हणाली, "हे आईंना का नाय सांगितलात?"