ठेक्याच्या मागून

कीबोर्डला हात लावण्याआधी धम्मरत्न बोटं शर्टाला पुसायचा. चहा गार करून प्यायचा. सूर आवडला की मान डावीकडे कलती करायचा. निओ-सोल नावाच्या संथ, मऊ वाजवण्याचं त्याला वेड होतं. कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, तो ठेक्याच्या किंचित मागून टाकायचा. त्याच्या मित्राला, विहंगला, या खोडी पाठ होत्या.

मेहकरला जयंतीच्या गाण्यांच्या तालमीत त्याचे गायक मामा, पुंजाजी, वैतागायचे.

"काऊन बे, झोपला काय? ठेका पुढं गेला!"

"जाऊ द्या त्याले, मामा. आपण मागून आरामात येऊ," धम्मरत्न म्हणायचा.

"मी नाई गात असल्या वाजवण्यावर!"

मामांनी एकदा तरी गावं, म्हणून धम्मरत्न त्यांच्याच गाण्याची साथ ठेक्यावर एकेक कडवं वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. मामांनी ती ऐकलीच नाही. आणि एका सकाळी धम्मरत्नचं हृदय थांबलं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीला सगळे जमले असताना, विहंगने त्याच्या मोबाइलवरची ती साथ लावली. मामा उठून उभे राहिले. ठेका पुढे जाऊ दिला आणि भाच्याच्या हाताइतक्याच उशिराने गाऊ लागले.

दोन कडवी झाली. मामांनी तिसऱ्यासाठी श्वास घेतला. मोबाइलवर नुसता ठेका वाजत होता. तिसऱ्या कडव्याचे कॉर्ड धम्मरत्नचे वाजवायचे राहिले होते.