तो आकडा खोड

"हे असंच. बाहेरून मिळतंय तोवर चुंबक." सर माझ्याकडे बघून बोलत होते. "सवलत बंद झाली, की..."

त्यांनी बटण बंद केलं. तारेच्या गुंडाळीतलं क्षेत्र गेलं, आतल्या मऊ लोखंडाच्या सळईचं चुंबकत्व गेलं. तिला लटकलेल्या टाचण्या टेबलावर पडल्या.

वर्ग हसला. माझ्या शेजारची दादरची मुलगीही हसली. सकाळीच ती मोर्चाला जाऊन आली होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं ओरडून घसा बसला होता तिचा. त्याच घशानं हसली.

कॉलेज गिरगावातलं. मी वरळीच्या बीडीडी चाळीतली. बाप गिरणीत. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. फीची सवलत मिळणारी वर्गात मी एकटीच. सर सगळ्यांना तुम्ही म्हणायचे, मला तू. प्रयोगाच्या वेळी सांगायचे, "तू लांबून बघ. आकडे बाकीचे देतील."

वर्षभर दुसऱ्यांच्या डोळ्यांनी शिकले.

त्या दिवशी उठले. पोलादाची सळई उचलली. गुंडाळीत घातली. वीज वाढवत नेली. समोरची चुंबकसुई फिरत गेली, फिरत गेली, मग अडली. क्षेत्र आणखी वाढवलं तरी सळई आणखी चुंबक होईना. मग वीज पार बंद केली. सुई मागे आली, पण पुरती नाही. क्षेत्र उरलं नव्हतं. पोलादात चुंबकत्व उरलं होतं. पुस्तकात हे पाठ होतं. बघितलं पहिल्यांदा. आकडा लिहिला.

सरांनी शिपायाला हाक मारली. "ती सळई धुऊन आण." मग मला म्हणाले, "तो आकडा खोड."

"नाही खोडणार."

शेजारणीनं मान खाली घातली.

लेखी परीक्षेत पास झाले. प्रॅक्टिकलला नापास.

बाप म्हणाला, "पोरी, सायन्स सोड. आर्ट्स घे. तिथं हात लावायला काय नसतं."

रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो समजावत होता.

पुन्हा बसायचं तर तपासायला तेच सर. पास होईन अशी आशा नव्हती. खोटं कशाला सांगू. पण बापाला म्हटलं, आर्ट्सला जाणार नाही. दर परीक्षेला त्यांच्यासमोर उभी राहणार. मला नापास करायचंय ना? मग दर वेळी माझं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहावं.