भागामायचं इंग्रजी

गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण भर जत्रेत, दोनशे घोड्यांच्या साक्षीनं केलेला हा एकच! चहा हातात आहे तोवर सांगून टाकतो. हसा खुशाल. मी स्वतः हसायला लागलो ते मात्र फार नंतर.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. मी सव्वीस वर्षांचा, साताऱ्याकडचा, आणि नेमणूक कुठे? तर खानदेशात, तापीकाठी, इंग्रजी शिकवायला! पुण्याहून ट्रेनिंग घेऊनच आलो होतो. तिथं एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं. वर्गात मराठीचा एक शब्द काढायचा नाही. वस्तू दाखवा, हातवारे करा, नाचा, पण भाषांतर करू नका. भाषांतर केलंत की विद्यार्थी कायमचा बिघडला!

मी ते इतकं मनावर घेतलं होतं, की वर्गात शिंक आली तरी इंग्रजीत येतेय की काय, याची काळजी वाटायची.

एके संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक बाई पडवीत येऊन उभी राहिली. साठीची, उंच, ताठ. भागामाय. नदीपलीकडच्या गावची सुईण. दोन्ही काठांवरच्या गावांतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर या जगात उतरलेली. त्यामुळे पाटलापासून पोस्टमनपर्यंत ती सगळ्यांना अरेतुरे करायची, आणि कुणाची बोलायची छाती नसायची.

"मास्तर, तुले इंग्रजी येस ना? मले शिकाड."

मला वाटलं, थट्टा करतेय.

"तुला कशाला इंग्रजी, माय?"

तिनं खाली बसून, मला कळावं म्हणून शब्द शब्द तोडून सांगितलं. गावची नाव फुटकी होती. गेल्या वर्षीच्या आषाढात अलीकडच्या काठावर एक पहिलटकरीण अडली. सांगावा गेला, भागामाय निघालीही, पण नाव मध्यावर पोचायच्या आधीच पाण्यानं भरली आणि माघारी वळवावी लागली. ती रात्रभर पलीकडच्या काठावर बसून राहिली. सकाळी या काठावरून रडणं ऐकू आलं ते बायकांचं. बाळाचं नाही.

मग तिनं गेल्या वर्षीच्या जत्रेत आलेल्या जिल्ह्याच्या इंग्रज साहेबाला गाठलं होतं. साहेबाला पुस्तकातलं मराठी यायचं, पण इकडची अहिराणी बोली त्याला कळायची नाही. मध्ये कचेरीतला एक कारकून, तो इंग्रजी करून सांगणार. भागामाय पाऊण तास बोलली.

"मी इतलं सांगं, अन् त्यानी साहेबले दोनच शब्द सांगात. साहेब हासना. तवच मले समजनं. आते साहेबले मीच सांगसू."

आता तुम्हीच सांगा, अशा बाईला नाही कसं म्हणायचं? जत्रेला महिना होता. मी हो म्हटलं. तिथंच सरळ माणसानं काय केलं असतं? चार वाक्यं पाठ करून घेतली असती, प्रत्येकाचा अर्थ सांगितला असता, संपलं! पण मी पडलो ट्रेनिंगवाला. माझी पद्धत मोडते ना!

दुसऱ्या दिवसापासून पडवीत शिकवणी सुरू. नदीला आता उतार पडला होता, ती पायीच यायची. मी आल्याबरोबर म्हणायचो, "स्टँड अप!" आणि हातानं वर खूण करायचो. ती उभी राहायची. मग "से आफ्टर मी!" मग वाक्य. आवाज बारीक आला की "लाउडर!" चुकली की "नो! अगेन!" जमलं की "व्हेरी गुड!"

नाव समजावायला मी पाटीवर नाव काढली. 'ब्रोकन' समजावायला माझी चांगली सागवानी रूळपट्टी काडकन मोडली. 'बेबी'साठी उपरण्याची गुंडाळी करून पडवीभर जोजवत फिरलो. मास्तरला काहीतरी झालंय म्हणून बायका पाणी भरायचं सोडून बघायला यायच्या.

भागामाय मात्र हसली नाही कधी. काय तिची स्मरणशक्ती! महिन्याभरात चारही वाक्यं तोंडपाठ. नमस्कार, आमची नाव मोडली आहे, बाळं थांबत नाहीत, आम्हाला नवी नाव द्या. उच्चार असे, की माझे फिके वाटावेत. मी पुण्याला ट्रेनिंगच्या मास्तरांना लांबलचक पत्र लिहिलं: पद्धत अचूक आहे, सुईणसुद्धा शिकते!

जत्रा आली. सारंगखेड्याची जत्रा म्हणजे घोडेच घोडे. साहेबाची राहुटी मैदानाच्या कडेला. बाहेर खुर्ची टाकून साहेब एक पांढरी घोडी पाहत बसलेला. शेजारी तोच कारकून, कागदांची चळत घेऊन. शिपाई, व्यापारी, दोन-चार पाटील. मी जरा मागं, एका अबलख घोड्याच्या आडोशाला. घाबरलो होतो ना! परीक्षा तिची असली तरी निकाल माझा होता.

भागामाय पुढं झाली. पदर खोचला. साहेबासमोर जाऊन उभी राहिली आणि अडलेल्या बाईवर ओरडावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"स्टँड अप!"

मी घोड्याच्या आणखी मागं सरकलो.

साहेब उठला! विचार करायला वेळच मिळाला नाही बिचाऱ्याला. तो उठला म्हणून पाटील उठले. शिपाई आधीच उभे होते, ते आणखी ताठ झाले.

"से आफ्टर मी! गुड मॉर्निंग, सर!"

साहेब चाचरला. "गुड मॉर्निंग… मॅडम."

"नो! अगेन! गुड मॉर्निंग, सर!"

"गुड मॉर्निंग, सर," साहेब म्हणाला.

"व्हेरी गुड!"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही बाई काही चुकत नव्हती. मी महिनाभर जे जे बोललो, ते ते तिनं जसंच्या तसं उचललं होतं. यातलं माझं कोणतं आणि तिनं म्हणायचं कोणतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? त्याला तिची भाषा लागली असती!

"अवर बोट इज ब्रोकन!"

साहेब पुटपुटला.

"लाउडर!"

"अवर बोट इज ब्रोकन!" साहेब असा ओरडला की पांढरी घोडी दोन पावलं मागं सरली. आजूबाजूचे सौदे थांबले. अर्धी जत्रा गोळा झाली.

मग ती म्हणाली, "बेबीज डू नॉट वेट." हे वाक्य ती नेहमीच हळू म्हणायची. मी कितीदा 'लाउडर' म्हटलं, तरी हेच एक तिच्यानं मोठ्यानं व्हायचं नाही.

साहेबानं तिच्याकडं पाहिलं. आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हणाला, "बेबीज डू नॉट वेट."

कुणी हसलं नाही. नवी नाव द्या, हेही तो तिच्यामागून म्हणाला. मग कारकुनाकडं वळला आणि आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाला, "गतवर्षी या बाईंनी हेच सांगितले होते काय?"

कारकुनानं कशीबशी मान डोलावली.

"तेव्हा आपण मला काय सांगितलेत?"

"'आशीर्वाद देतेय' म्हणून सांगितलं, साहेब."

साहेबानं त्याच्या हातातला एक कोरा कागद ओढून घेतला आणि उभ्या उभ्याच काहीतरी लिहिलं. खुर्ची मागंच होती, पण बसायची आज्ञा झाली नव्हती ना! पुढच्या पावसाळ्याआधी नवी नाव आली, ती त्याच कागदाच्या जोरावर.

"यांना कोणी शिकवले?" त्यानं विचारलं. भागामायनं मोठ्या अभिमानानं घोड्याकडं बोट दाखवलं. घोडा बाजूला झाला. मी उरलो.

"मास्तर, विद्यार्थिनी उत्तम आहे," साहेब म्हणाला. "परंतु मास्तरचे शब्द कोणते आणि तिचे कोणते, एवढे तिला तिच्या भाषेत सांगत चला."

परतताना वाळूतून आम्ही दोघं चालत होतो. माझ्यानं राहवलं नाही.

"माय, 'स्टँड अप' म्हणजे काय ते तुला कळलं नव्हतं?"

"नही. मले वाटनं, देवना नाव घेतस तसं काही व्हई. तू रोज पह्यले तेच म्हनस."

"अगं, मग शिकवणी सुटल्यावर मी रोज विचारायचो, समजलं का, तेव्हा तू हो का म्हणायचीस?"

ती थांबली. पोराला समजवावं तसं म्हणाली, "तू इतला जीव लाईसन शिकाडी ऱ्हायंता. उपरनं लिसन नाची ऱ्हायंता. तुले नही कसं सांगू?"

दोन वर्षं झाली होती मला त्या मुलखात. माझ्या वर्गातली पोरं घरी कोणत्या भाषेत बोलतात, हे मी एकदाही कान देऊन ऐकलं नव्हतं. फार लाज वाटली. मी म्हटलं, "माय, आता तू मला शिकव. अहिराणी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पडवीत आली. मी मांडी घालून समोर बसलो. तिनं सुरुवात केली आणि जी गाडी सुटली म्हणता! कुणाचं लग्न, कुणाची म्हैस, कुणाची सासू, काही पत्ता लागेना. अर्ध्या तासानं ती थांबली, घाम पुसला आणि मोठ्या आशेनं माझ्याकडं पाहिलं.

"समजनं का, मास्तर?"

काडीइतकंही कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "हा, माय. समजनं."