गोठ्यात नको

माझं पहिलं बाळंतपण घरात नेमकं कुठं करायचं, हे ठरायला आमच्याकडं नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला कळांची जेवढी भीती वाटली नाही, तेवढी आमच्याच घराची वाटली.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची. मी एकोणीस वर्षांची होते. नवरा बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत कामाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून त्यानं मला एसटीनं कोगनोळीजवळच्या आमच्या गावी आणून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी तो पाळीवर परत गेला. निपाणीत दवाखाना होता, पण दवाखान्यात नेलं म्हणजे काहीतरी बिघडलंय, असाच आमच्या गावात अर्थ. शिवाय आदल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक बाई अडली म्हणून तिला बैलगाडीतून निपाणीला नेत होते, ती वाटेतच गेली. गाडी परत आली तेव्हा आई दारात उभी होती. त्यानंतर तिच्यापुढं कुणी दवाखान्याचं नाव काढलं की ती हातातलं काम टाकून आत निघून जायची.

म्हणजे घरातच. पण घरात कुठं?

पुढं सोपा, म्हणजे ओसरी, होती. तिथं आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ऊठबस आणि दिवसभर माणसांचं येणं-जाणं. त्याच्या मागं मधलं घर, तिथं एका भिंतीला देव्हारा. त्याला लागून स्वयंपाकघर. एक आतली खोली होती, पण तंबाखूचा हंगाम नुकताच सरला होता आणि ती खोली गोणपाटात शिवलेल्या तंबाखूच्या बोदांनी आढ्यापर्यंत भरलेली. घरामागच्या परड्यात गोठा.

"गोठ्यातच," काकी म्हणाली. काकी म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाची बायको. काका लवकर गेले आणि घराची सूत्रं तिच्याकडं आली. आई तिला आक्का म्हणायची आणि तिच्या शब्दापुढं कधी जात नसे. "समद्यांची तिथंच झाली. ही बी तिथंच झाली. ऊब असती, आडोसा असतोय. सुईण परड्याच्या दारानं येती, परड्याच्या दारानं जाती. घर बाटत न्हाय."

खरं कारण शेवटचं होतं. आमच्या गावची सुईण बौद्धवाड्यातली. निम्म्या गावाला तिनं हातावर घेतलं होतं, मलाही. पण आमच्या गोठ्याच्या अलीकडं तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला लहानपणापासून ते दिसत होतं आणि त्यात काही वावगं आहे असं तोवर मनातही आलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

काकीनं सांगितल्यावर आई गोठा साफ करायला लागली. पहिल्या दिवशी तिनं म्हशीला पलीकडच्या छपरात बांधलं, जमीन उकरली, सारवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा शेणाची पाटी घेऊन निघाली, तेव्हा मी मागोमाग गेले. ती सारवत नव्हती. पाटी बाजूला ठेवून, भिंतीला टेकून, एका कोपऱ्याकडं बघत बसली होती.

"आई, काय झालं गं?"

तिनं मला जवळ बसवून घेतलं. "तुझ्या आधी एक झालतं," ती म्हणाली. "पोरगी. हितंच, त्या कोपऱ्यात."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"चांगली होती. लई रडायची. सातव्या दिवशी अंगावर घेतली तर तोंड उघडंना. जबडा असा घट्ट. हात लावला की धनुष्यावानी वाकायची. आठव्या दिवशी गेली." तिनं पदर तोंडाला लावला. "नाळ इळ्यानं कापली होती. वर शेणाची राख लावली होती, आक्कानं. तवा समदेच लावायचे."

मी त्या कोपऱ्याकडं पाहिलं. नुकताच सारवलेला, स्वच्छ कोपरा. त्या दिवसापासून मला गोठ्याच्या दारावरून जातानाही पोटावर हात धरावासा वाटायचा.

त्याच आठवड्यात सरकारी नर्सबाई फेरीला आली. ती चिकोडीकडची, कानडी बोलणारी, मराठी तोडकं. तिनं माझं पोट तपासलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दुसरं महिन्यानं द्यायचं, म्हणाली, पण माझे दिवस भरत आलेले बघून तिनं ते सोडून दिलं. मग तिनं विचारलं, बाळंतपण कुठं करणार? आईनं गोठा दाखवला. नर्सबाई दारातच थांबली.

"इल्ली बेड," ती म्हणाली. मग मला कळावं म्हणून मराठीत, "इथं नको. शेण नको, माती नको. उजेड पाहिजे." तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं नवं पातं काढून आईच्या हातात ठेवलं. "दोरा उकळायचा. हात साबणानं. अडलं तर निपाणी, वेळ घालवायचा नाही."

काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती गेल्यावर म्हणाली, "हिला स्वतःला पोर न्हाय."

दोन दिवसांनी आईनं काकी शेतात गेल्याचं बघून सुईणीला बोलावून घेतलं. ती परड्याच्या दारानं आली. साठीची असेल, काटक, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. तिनं माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले.

"डोकं खालीच हाय," शेवटी ती म्हणाली. मग गोठ्यात डोकावली. "वैनी, मी हितं करत न्हाय."

"मावशी, असं काय म्हणताय?" आई घाबरली.

"तुमची पयली गेली ती माज्याच हातची. इसरले न्हाय मी. त्येच्या मागनं माज्या लेकीचं झालं, ते मी माज्या घरात, खिडकीखाली, धुतलेल्या चादरीवर केलं. पोर चांगलं हाय." ती आमच्या घराकडं बघत राहिली. "तुमच्या घरात उजेड कुटं हाय?"

उजेड मधल्या घरात होता. तिथं आढ्याला एक काचेचं कौल होतं. पण तिथं देव्हारा होता, आणि तिथवर यायचं म्हणजे सुईणीला आमच्या घरात यावं लागणार होतं. "कळा लागल्या की निरोप धाडा," एवढं म्हणून सुईण गेली.

त्यानंतर मी एक वेड्यासारखा उद्योग केला. दुपारी घरात कुणी नसलं की मी एकेका जागी जाऊन आडवी व्हायचे. सोप्यात झोपून बघितलं, तर रस्त्यावरून जाणाऱ्याची चप्पल दिसत होती. आतल्या खोलीत बोदांच्या फटीत बसले, तर तंबाखूच्या खाटानं, त्या झोंबऱ्या वासानं, खोकला लागला, आणि खोकताना ओटीपोटात अशी चमक आली की आता इथंच, एकटीला, सगळं होतंय असं वाटलं. भिंत धरत बाहेर आले. मधल्या घरात कौलाखाली पडले. उन्हाचा चौकोन पोटावर आला आणि आतलं बाळ हललं. तिथंही भीती होती. पण तिथं निदान काय होतंय ते दिसलं असतं. अंधारात मरायची मला जास्त भीती वाटत होती.

मी आईला सांगितलं. "आक्काला कोण सांगणार?" ती म्हणाली. कुणीच सांगितलं नाही. गोठ्यात बाजलं टाकलं गेलं, पेंढा पसरला गेला.

नवव्या दिवशी सकाळी, भाकऱ्या चालू असताना, माझं पाणी गेलं. काकीनं तवा उतरवला, माझा दंड धरला आणि मला परड्याकडं चालवत नेलं. मी जात होते. गोठ्याच्या उंबऱ्यापाशी मात्र माझे पाय थांबले. कळ आली म्हणून नव्हे. तो कोपरा दिसला. मी चौकटीला दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडले, "न्हाय, हितं न्हाय!"

"नाटकं करू नगंस," काकी म्हणाली.

तेव्हा आई मधे आली. तिनं काकीचा हात माझ्या दंडावरून काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तसं केलं असेल. "आक्का, माझी एक गेली हितं," ती म्हणाली. "ही मधल्या घरात बाळंत व्हणार. सुईण पुढच्या दारानं येणार. तुमी मला काय बी म्हणा."

आप्पा सोप्यात होते. त्यांनी ऐकलं असणारच. त्यांनी चप्पल घातली आणि ते बौद्धवाड्याकडं निघाले. स्वतः.

आईनं कौलाखाली धुतलेलं लुगडं अंथरलं. काकी देव्हाऱ्यापाशी गेली. एकेक देव उचलून तिनं ताटात ठेवले, वर धुवट कापड घातलं आणि ताट घेऊन शेजारच्या घरी निघून गेली. दारात तिची आणि सुईणीची गाठ पडली. दोघी एकमेकींसाठी बाजूला झाल्या. ते ताट बघून सुईणीनं मान खाली घातली. मला कळ आलेली होती, तरी ती मान मी पाहिली.

दुपारपर्यंत काही पुढं सरकेना. आई सारखी दाराकडं बघायची आणि मला ती बैलगाडी आठवायची. "गाडी जुंपायला सांगू का?" आईनं दोनदा विचारलं. सुईण म्हणायची, "दम धर वैनी." तिचा चेहरा मात्र घामानं भिजला होता. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले, कारण माझं काय होणार ते तिथंच कळणार होतं.

बाळ आलं तेव्हा ते रडलं नाही. आई "आगं आई" म्हणून खाली बसली. सुईण कौलाच्या उजेडात वाकली. "नाळ हाय मानंला," ती हळू म्हणाली आणि बोटानं वेढा वरून काढला. पोर निळं पडलेलं. तिनं तोंडातलं बोटानं साफ केलं, पालथं धरून पाठ चोळली. घरात कसलाच आवाज नव्हता. मी मनात कुणाचं तरी नाव घ्यायला गेले आणि माझ्या लक्षात आलं, समोरचा देव्हारा रिकामा आहे.

मग ती रडली. मुलगी.

पुढं वार पडायला वेळ लागला, ते वेगळं भय. पण पडली. उकळलेला दोरा, नवं पातं. राखेचं कुणी नाव काढलं नाही.

भीती तिथं संपली नाही. आई रोज दिवस मोजायची, मोठ्यानं नाही, पण मला कळायचं. सातव्या दिवशी सकाळी मी पोरीला अंगावर घेतलं तेव्हा आई समोर बसून तिच्या ओठांकडं बघत होती. पोरीनं तोंड फिरवलं. मी पुन्हा तोंडाशी धरलं, पुन्हा तिनं फिरवलं. तिसऱ्यांदा तिनं ओढायला सुरुवात केली, इतकं जोरात की मला दुखलं. आठवा दिवसही तसाच गेला. नवव्या दिवशी आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

बारा दिवसांनी काकीनं घर धुऊन घेतलं, गोमूत्र शिंपडलं आणि देव परत आणले. आईशी ती पुढं किती तरी दिवस बोलत नव्हती. पोरीला मात्र पायावर घेऊन रोज न्हाऊ घालायची.

त्याच आठवड्यात सुईण बाळाला बघायला आली. परड्याच्या दारानं. परड्यातच उभी राहून तिनं विचारलं, "पोर पितंय न्हवं?"

"मावशी, आत या की," आई म्हणाली.

"आता आत काय काम हाय, वैनी?" ती म्हणाली. आईनं पोरीला बाहेर नेऊन तिच्या हातावर दिलं. मी आत अंथरुणावर होते. मीही तिला हाक मारायला हवी होती. काकी स्वयंपाकघरात होती, म्हणून मी मारली नाही.